दुसऱ्या संधीतली मैत्रीण

इंग्रजी प्रणयकथांच्या बाजारात 'सेकंड चान्स' नावाचा एक स्वतंत्र कप्पा आहे. एकदा तुटलेलं प्रेम काही वर्षांनी पुन्हा समोर येतं, दोघंही वयाने थोडी मोठी झालेली असतात, थोडी पोळलेली असतात आणि या खेपेला ते जमतं, एवढंच त्याचं सूत्र. या कथांबद्दल जे बोललं जातं ते बहुधा त्या दोघांबद्दल: ती का दुरावली, पुन्हा कशी जवळ आली. मला मात्र गेली काही वर्षं या कथा वाचताना तिसऱ्याच व्यक्तीकडे पाहायची सवय लागली आहे. ती म्हणजे मैत्रीण. पहिल्या वेळी प्रेम तुटलं तेव्हा ती कुठे होती? काय म्हणाली होती? आणि दुसऱ्या वेळी ते जुळताना तिचं काय झालं? दोनशे वर्षांतल्या मोजक्या पुस्तकांना हे प्रश्न विचारत गेलं, की प्रेमकथेच्या आडोशाला लपलेला मैत्रीचा इतिहास हाती लागतो.

सुरुवात जेन ऑस्टिनपासूनच करावी लागते. तिची 'पर्सुएशन' ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, १८१७ च्या डिसेंबरमध्ये बाहेर आली. शीर्षकपानावर साल मात्र १८१८ छापलेलं होतं. नायिका अ‍ॅन एलियट सत्तावीस वर्षांची आहे, म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने लग्नाचं वय उलटून गेलेली. एकोणिसाव्या वर्षी तिचं नौदलातल्या फ्रेडरिक वेंटवर्थशी जमलं होतं. त्याच्यापाशी ना पैसा होता ना घराणं. तिने ते मोडलं. पुढे नेपोलियनविरुद्धचं युद्ध थांबतं आणि १८१४ मध्ये वेंटवर्थ पंचवीस हजार पौंड गाठीला बांधून परततो. शत्रूचं जहाज पकडलं की त्याच्या किमतीतला वाटा कप्तानाला मिळत असे, त्यातून आलेली ही कमाई. तोवर अ‍ॅनच्या वडिलांवर कर्जापायी वाडा भाड्याने द्यायची वेळ आलेली असते आणि भाडेकरू म्हणून येतात ते वेंटवर्थची बहीण आणि मेव्हणे. इथून दुसरी संधी सुरू होते.

पण पहिली संधी गेली कुणामुळे? लेडी रसेलमुळे. ही अ‍ॅनच्या दिवंगत आईची जिवाभावाची मैत्रीण. ती विधवा आहे, सुस्थितीत आहे, अ‍ॅनवर तिची माया आहे. वडील या लग्नावर नाराज होते खरे, पण अ‍ॅन त्यांच्या नाराजीला बधली नसती. तिचं मन वळवलं ते लेडी रसेलने; कादंबरीच्या नावातलं 'मन वळवणं' ते हेच. मुलीचं वाईट व्हावं असं तिच्या मनातही नव्हतं, आणि तरीही साडेआठ वर्षं वाया गेली.

या लेडी रसेलला मराठीत आणायचं झालं, तर पहिला पेच संबोधनाचा येतो. अ‍ॅन तिला काय म्हणेल? आपल्याकडे आईच्या मैत्रिणीला मुली मावशी म्हणतात. 'मावशी' म्हटलं, की तिच्या सल्ल्याला एक नात्याचा अधिकार मिळतो, आणि मावशीने लग्न मोडायला लावलं हे मराठी वाचकाला क्षणात समजतं. म्हणजे भाषांतरात मूळचं काही हरवतं का? इथे एक ऐतिहासिक योगायोग मदतीला येतो. नेओमी टॅडमोर या इतिहासकार बाईंनी अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या कुटुंब आणि मैत्री या कल्पनांवरचं पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या काळच्या इंग्रजीत 'फ्रेंड' या शब्दाच्या पोटात नातेवाईक, पालक, आश्रयदाते असे सगळे येत, हे त्यांनी दाखवलं आहे. मुलीचे 'फ्रेंड्स' लग्नाला राजी आहेत का, असं विचारलं जाई, तेव्हा तिच्या मैत्रिणींचं मत विचारलेलं नसे. मराठीतला 'आप्तेष्ट' हा जोडशब्द त्या अर्थाच्या बराच जवळ जातो. तेव्हा लेडी रसेलला मावशी करणं म्हणजे ऑस्टिनच्या काळात 'मैत्री' या शब्दाला जेवढा अधिकार होता तेवढा तिला परत देणं होय. आजच्या इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचकच त्या जुन्या अर्थाच्या अधिक जवळ उभा असतो.

कादंबरीत दुसरीही एक मैत्रीण आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मिसेस स्मिथ ही अ‍ॅनची शाळासोबतीण. आई गेल्यावर अ‍ॅन शाळेत आली तेव्हा तिने तिला आधार दिला होता. आता ती विधवा आहे, आजाराने पाय अधू झालेत आणि बाथ शहरातल्या एका साध्या वस्तीत ती भाड्याच्या खोल्यांत राहते. वडिलांना ही ओळख लाजिरवाणी वाटते. अ‍ॅन तरीही भेटायला जाते. म्हणजे प्रेमाची दुसरी संधी यायच्या आधी अ‍ॅनने एका मैत्रीला दुसरी संधी दिलेली आहे, वडिलांचा शब्द मोडून. एकोणिसाव्या वर्षी जी मुलगी 'फ्रेंड'च्या सल्ल्यापुढे नमली, ती सत्ताविसाव्या वर्षी आपली मैत्रीण स्वतः निवडते. वेंटवर्थपाशी ती कशाच्या बळावर परत जाते याचं उत्तर मला या भेटींत सापडतं.

ऑस्टिनच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांपैकी तिच्या हस्ताक्षरात जे उरलं आहे, ते म्हणजे 'पर्सुएशन'ची तिने रद्द केलेली अखेरची दोन प्रकरणं. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८१६ च्या जुलैमध्ये लिहिलेल्या त्या शेवटात अ‍ॅन आणि वेंटवर्थ अ‍ॅडमिरलच्या बिऱ्हाडी एका खोलीत एकटे सापडतात, एका गैरसमजाचा खुलासा होतो आणि जुळतं. ऑस्टिनला हे रुचलं नाही. काही आठवड्यांतच तिने शेवट नव्याने लिहिला. आता जागा आहे बाथमधली खाणावळ, आणि खोली माणसांनी भरलेली आहे. खिडकीपाशी अ‍ॅन वेंटवर्थच्या मित्राशी, कॅप्टन हारव्हिलशी बोलते आहे: पुरुषाचं प्रेम अधिक टिकतं की बाईचं? जवळच मेजावर पत्र लिहीत बसलेल्या वेंटवर्थच्या कानांवर तिचे शब्द पडतात, आणि तो तिथल्या तिथे तिला दुसरं पत्र लिहून ठेवतो. जे ती वेंटवर्थला सांगू शकत नव्हती ते एका मित्राला सांगता आलं. पहिल्या मसुद्यात दोघं होते. दुसऱ्यात ऑस्टिनने त्यांच्यामध्ये मैत्री आणून बसवली आणि मगच दार उघडलं.

ते पत्र मराठीत आणणाऱ्याला आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, जो ऑस्टिनला घ्यावा लागला नाही. वेंटवर्थ तिला 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? साडेआठ वर्षांपूर्वी ती दोघं एकांतात 'तू'वर आली असतील. मधल्या काळात चारचौघांत भेटताना मराठीत त्यांना 'तुम्ही' म्हणावंच लागेल. माझ्या मते पत्राची सुरुवात 'तुम्ही'ने व्हावी आणि मध्येच कुठेतरी, त्याच्याही नकळत, 'तू' यावा. इंग्रजीत दुसऱ्या संधीचा क्षण दिसत नाही, तो अंदाजाने ओळखावा लागतो. मराठीत, बंगालीत, हिंदीत तो एका सर्वनामावर बोट ठेवून दाखवता येतो.

ऑस्टिनच्या काळात दुसरी संधी मोडलेल्या वाङ्निश्चयाला मिळू शकत होती, मोडलेल्या लग्नाला नाही. १८५७ च्या कायद्याआधी इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटचा खास कायदा करून घ्यावा लागे, म्हणजे तो अतिश्रीमंतांचाच मार्ग होता. खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. कॅलिफोर्नियात कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा १ जानेवारी १९७० पासून अमलात आला. इंग्लंडमध्ये १९६९ चा सुधारणा कायदा १९७१ च्या आरंभी लागू झाला. घटस्फोटित, एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने वाचक म्हणून समोर आल्या. प्रणयकथांची नायिका मात्र अजून विशीतली, कोरी, पहिल्यांदाच प्रेमात पडणारी अशीच होती. १९०८ मध्ये लंडनला सुरू झालेल्या मिल्स अँड बूनने हा साचा पक्का केला होता, आणि १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ती कंपनी विकत घेतल्यावर तोच साचा अमेरिकेच्या सुपरमार्केटांत जाऊन पोचला.

त्याला तडा गेला तो १९८० च्या सुमारास. न्यूयॉर्कच्या डेल प्रकाशनात व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिकेने 'कँडललाइट एक्स्टसी' ही मालिका सुरू केली. तिच्या आरंभीच्या पुस्तकांपैकी जेन कॅसल या नावाने लिहिलेल्या 'जेंटल पायरेट'ची नायिका विधवा आहे आणि तिचं पहिलं लग्न सुखाचं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, बर्कली-जोव्ह या प्रकाशनसंस्थेने जी मालिका काढली तिचं नावच 'सेकंड चान्स अ‍ॅट लव्ह' होतं. पूर्वी प्रेम केलेल्या, लग्न मोडलेल्या किंवा नवरा गमावलेल्या नायिका हीच तिची ओळख. ज्या गोष्टीबद्दल आजवर दबक्या आवाजात बोलत, ती आता मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापली जात होती. साहित्याच्या अभ्यासक्रमांत 'पर्सुएशन' असते आणि ही मालिका नसते, पण दोन्हींचा मूळ प्रश्न एकच आहे: एकदा चुकलेल्या बाईला पुन्हा सुखाचा हक्क आहे का? या मालिकेने 'आहे' असं उत्तर दिलं, आणि दर महिन्याला दिलं.

फक्त या पुस्तकांत मैत्रीण दिसेनाशी झाली. असली तरी फोनच्या पलीकडे, एखाद्या प्रकरणापुरती. यामागे व्यवसायाचा हिशेब होता. ठरावीक दिवशी, ठरावीक किमतीला, सुमारे १९० पानांत संपणारं पुस्तक द्यायचं तर पात्रं मोजकीच हवीत. वाचकाला दोघांत रस आहे हे प्रकाशकांनी गृहीत धरलेलं. लेडी रसेलसारखी अधिकार गाजवणारी मैत्रीण गेली ही मुक्तीच होती. पण तिच्याबरोबर मिसेस स्मिथही गेली. घटस्फोटित नायिका एकटीच दुःख करते, एकटीच सावरते, आणि तिला सावरणारा म्हणून पुन्हा तोच पुरुष उरतो.

गंमत अशी, की पुस्तकातून नाहीशी झालेली मैत्रीण पुस्तकाबाहेर होती. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक बाईंचा 'रीडिंग द रोमान्स' हा ग्रंथ १९८४ मध्ये आला. 'स्मिथटन' असं टोपणनाव दिलेल्या एका गावातल्या वाचक स्त्रियांशी बोलून त्यांनी तो लिहिला. या स्त्रियांच्या मधोमध होती पुस्तकांच्या दुकानात काम करणारी डॉट. कोणतं पुस्तक घ्यावं, कोणतं टाळावं हे ती दुकानात सांगे आणि आपल्या वार्तापत्रातही लिही. घरकामातून आणि मुलाबाळांतून चोरून काढलेला वेळ म्हणजे वाचन, असं त्या स्त्रिया रॅडवेंना सांगत होत्या. चांगलं पुस्तक निवडून देणारी डॉट हीच त्यांची मैत्रीण होती. कथेतली नायिका एकाकी असेल. तिची वाचक तेवढी एकाकी नव्हती.

मैत्रीण नसलेल्या खोलीत दुरावलेल्या जोडप्याला बसवलं तर काय होतं, हे पाहायला इंग्रजीतच राहायची गरज नाही. सुबोध घोष यांच्या 'जतुगृह' या बंगाली कथेत एकेकाळचे नवरा-बायको रेल्वेच्या प्रतीक्षागृहात अचानक भेटतात. तपन सिन्हा यांनी १९६४ मध्ये त्यावर बंगाली चित्रपट केला आणि १९८७ मध्ये गुलजार यांनी हिंदीत 'इजाजत'. 'इजाजत'मध्ये बाहेर पाऊस आहे, आत नसिरुद्दीन शाह आणि रेखा, आणि बोलायला एक अख्खी रात्र. इतकी अनुकूल जागा कुठल्याही प्रणयकथेला मिळणार नाही. पण सकाळ होते, तिचा दुसरा नवरा तिला न्यायला येतो आणि ती निघून जाते. दुसरी संधी इथे निरोपापुरतीच आहे: पहिल्या वेळी न मागितलेली परवानगी आता मागायची, एवढीच. या कथेत दोघांनाही वाईट म्हणता येत नाही, म्हणून ती मनात राहते. तरी मला वाटतं, त्या खोलीत तिसरं कुणी असतं, दोघांना ओळखणारं आणि दोघांशी खरं बोलणारं, तर ती रात्र अशीच गेली असती का? भारतीय कथेत दोघांमध्ये सासर, माहेर, समाज हे सगळे असतात. मैत्रीण क्वचितच असते.

अमेरिकेत मैत्रीण कथेत परतली ती टेरी मॅकमिलनच्या 'वेटिंग टू एक्झेल'मधून, १९९२ मध्ये. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात राहणाऱ्या चार कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय स्त्रियांची ही कादंबरी: सव्हाना, बर्नाडिन, रॉबिन आणि ग्लोरिया. बर्नाडिनचा नवरा अकरा वर्षांचा संसार मोडून निघून जातो. ग्लोरियाला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा मैत्रिणी इस्पितळात धावतात. आणि सव्हानाचा जुना प्रियकर, आता लग्न झालेला, पुन्हा तिच्या आयुष्यात येऊ पाहतो. म्हणजे 'सेकंड चान्स'च्या सूत्रात नेमकी बसणारी जागा. सव्हाना अखेर त्याला नकार देते. तिला हे परवडतं, कारण तिच्याकडे परत जायला एक घर आहे, आणि ते घर म्हणजे बाकीच्या तिघी. एकाकी नायिकेला दुसरी संधी नाकारणं जड जातं. मैत्रिणी असलेल्या नायिकेला ती नाकारता येते, म्हणूनच ती स्वीकारली तर त्या स्वीकारालाही किंमत येते. काटेकोर बोलायचं तर हे पुस्तक प्रणयकथेच्या साच्यात बसत नाही. पण आजच्या प्रणयकथेतल्या मैत्रिणींचं माहेर तिथे आहे.

त्या माहेराची खूण केनेडी रायनच्या 'बिफोर आय लेट गो' या २०२२ च्या कादंबरीत स्पष्ट दिसते. अटलांटामधलं यास्मेन आणि जोसाया हे जोडपं. आधी त्याची आत्या जाते, मग पोटातलं बाळ. यास्मेन नैराश्यात बुडते, जोसाया कामात, आणि लग्न मोडतं. दोन मुलं आणि दोघांच्या मालकीचं एक रेस्टॉरंट असल्यामुळे रोज तोंड पाहणं मात्र चुकत नाही. ऑस्टिनच्या जोडप्यामध्ये आठ वर्षं आणि समुद्र होता. या दोघांमध्ये फक्त हॉटेलचं स्वयंपाकघर आहे. हेंड्रिक्स आणि सोलेदाद या यास्मेनच्या दोन मैत्रिणी तिच्यासोबत असतात, चेष्टा करतात, ऐकून घेतात. परत जा किंवा जाऊ नकोस, असा हुकूम त्या सोडत नाहीत. सल्ला द्यायचं काम आता मानसोपचारकाकडे गेलं आहे; यास्मेन आधीच तिथे जात असते, आणि जोसायाने उपचार घ्यायला तयार होणं हा कथेतला एक मोठा टप्पा आहे. लेडी रसेलची भूमिका इथे दोघांत वाटली गेली आहे. सल्ला फी घेऊन मिळतो आणि सोबत फुकट. मैत्रीला तिच्या जुन्या अधिकारातून मिळालेली ही सुटका मला दोनशे वर्षांतला सर्वांत मोठा बदल वाटतो.

एमिली हेन्रीच्या 'हॅपी प्लेस'मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये, गोष्ट आणखी पुढे जाते. हॅरिएट आणि विन यांचं ठरलेलं लग्न मोडून पाच महिने झाले आहेत, पण कॉलेजपासूनच्या मित्रमैत्रिणींना त्यांनी ते सांगितलेलं नाही. मेन राज्यातल्या समुद्रकाठच्या घरात सहा जण दरवर्षी एकत्र जमतात. घर सबरीना या मैत्रिणीच्या वडिलांचं आहे आणि आता ते विकलं जाणार आहे, म्हणजे हा अखेरचा आठवडा. तो बिघडू नये म्हणून दोघं अजून जोडपं असल्याचं नाटक करतात. ही झाली वरवरची गोष्ट. आत वेगळंच चाललेलं आहे. सबरीनाला सगळं आधीच कळलेलं असतं आणि दोघांना एकत्र आणायचा घाट तिनेच घातलेला असतो. क्लिओ गरोदर आहे, तिने ते दडवलं आहे. जो तो दुसऱ्याला दुखवू नये म्हणून गप्प आहे आणि त्या गप्प बसण्यातूनच सगळे एकमेकांपासून लांब जात आहेत. पुस्तकातलं सर्वांत कडाक्याचं भांडण मैत्रिणींचं आहे. आपण पूर्वीसारखे राहिलो नाही, हे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं जातं ते तिथे. प्रेमाचा तुटलेला धागा त्यानंतर जुळतो.

सबरीनाने जे केलं ते लेडी रसेलच्या उलट आहे, आणि तरी त्याच जातीचं आहे. एकीने तोडायला लावलं, दुसरीने जोडायला लावलं. विचारलं दोघींनीही नाही. फरक आहे तो पुढच्या प्रसंगात. लेडी रसेलला शेवटी आपला अंदाज चुकला हे मनाशी मान्य करावं लागतं आणि ऑस्टिन ते दोन-चार वाक्यांत उरकते. सबरीनाला सगळ्यांसमोर रडून, भांडून, ऐकून घेऊन मैत्री पुन्हा मिळवावी लागते. मैत्रिणीलाही दुसरी संधी लागते, आणि तीही आपोआप मिळत नाही, हे प्रणयकथेने इथवर येऊन ओळखलं.

याचं फार कौतुक करायचीही गरज नाही. मैत्रिणींची ही भरभराट बाजाराच्याही सोयीची आहे. रायनच्या पुस्तकातल्या सोलेदादची कथा २०२४ मध्ये स्वतंत्र पुस्तक होऊन आली आणि हेंड्रिक्सची २०२५ मध्ये. आजच्या पुस्तकातली मैत्रीण ही पुढच्या पुस्तकाची नायिका असते. १९८१ मध्ये पानं कमी म्हणून तिला जागा नव्हती; आता मालिका चालवायची म्हणून तिला जागा आहे. शिवाय सुखान्ताची अट मैत्रीलाही लागू झाली आहे. सव्हाना जुन्या प्रियकराला नाही म्हणू शकते, पण आजच्या प्रणयकथेत कुणी जुन्या मैत्रिणीला 'आता पुरे' म्हणताना मला सापडत नाही. 'हॅपी प्लेस'चे सहा जण शेवटी सहाच राहतात. आयुष्यात ते तसं राहत नाही हे वाचणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं.

किंबहुना म्हणूनच ती हे वाचत असावी. चाळिशीच्या पुढच्या बाईला विचारा: नवरा किंवा प्रियकर दुरावला तर लोक विचारपूस करतात, पण वीस वर्षांची मैत्रीण दुरावली तर कुणी विचारत नाही. माझ्या एम.ए.च्या वर्गातली जिच्याशी मी रोज तासन्‌तास बोलायचे, ती आता फक्त वाढदिवसाच्या यादीत आहे. आमचं भांडण झालेलं नाही. आधी तिची बदली झाली, मग माझ्या घरी आजारपण आलं, मग फोन करायचा राहिला, आणि मग इतका राहिला की करायला कारण लागायला लागलं. या प्रकारच्या तुटण्याला ना न्यायालय आहे ना विधी. त्याच्यावर रडायलाही निमित्त सापडत नाही.

लग्न मोडण्यासाठी मात्र मराठीत शब्दांची रेलचेल आहे. घटस्फोट हा मूळचा धर्मशास्त्रातला शब्द: बहिष्कृत माणसाच्या नावाने पाण्याचा घडा फोडत आणि तो मेला असं धरत. काडीमोड हा लोकव्यवहारातला, दोघांमध्ये काडी मोडून केलेला. सोडचिठ्ठीला कागद लागतो. फारकत फारसीच्या वाटेने आलेली. पुन्हा संसार मांडण्यालाही ज्या समाजांत तशी रीत होती तिथे पाट, म्होतूर असे शब्द होते. ते 'लग्न' या शब्दापेक्षा एक पायरी खाली ठेवलेले असत हे खरं, पण होते. दुसऱ्या संधीला मराठीत जागा नव्हती असं म्हणणं म्हणजे पांढरपेशांच्या घरालाच महाराष्ट्र समजणं.

मैत्री मोडण्यासाठी यातला एकही शब्द चालत नाही. लहान मुलांना कट्टी आहे आणि बट्टी आहे, बोटं जुळवून दोन्ही करता येतात. मोठ्या माणसांना एकच शब्द उरतो: अबोला. 'हॅपी प्लेस' मराठीत करायची झाली, तर त्या घरातल्या सहा जणांमध्ये जे साचलं आहे त्याला मी हाच शब्द वापरीन, जरी ते सगळे दिवसभर बोलत असले तरी. घडा फुटला की फुटला, काडी मोडली की मोडली. ते शब्द परतीची वाट ठेवत नाहीत. अबोला मात्र धरतात आणि सोडतात. दोन्ही क्रियापदं भाषेत शेजारी शेजारी आहेत. तो सोडायला आधी कुणीतरी एकीने बोलावं लागतं, आणि पहिलं वाक्य काय असावं हे कुठल्याच प्रथेने ठरवून दिलेलं नाही. प्रणयकथा गेली काही वर्षं त्या पहिल्या वाक्याचे नमुने गोळा करते आहे. तिला उथळ म्हणण्याआधी ती वाक्यं एकदा वाचून पाहावीत; त्यांतलं एखादं आपल्यालाही लागेल.